मीटरपर्यंत पालिकेचं, टाकीपासून आपलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात बी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झाले असून सोसायटीच्या कमिटीवरही त्यांनी काम केले आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षं झाली सोसायटीला, पाण्यावर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, पाण्यावर पंधरा मिनिटं? आपल्या जनरल बॉडीत पाण्यावर दोन-दोन तास भांडणं झालेली आहेत. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

२००० साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा पहिलं भांडण पाण्यावरूनच झालं होतं. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, चौथ्या मजल्यावर का चढत नाही. आज पंचवीस वर्षांनी पाणी चढतं. आपण त्याच्याबद्दल बोलायचं बंद केलंय. मला वाटतं, हाच काळजीचा मुद्दा आहे. पाणी येत नाही तेव्हा माणूस आरडाओरडा करतो. खराब पाणी मात्र गुपचूप येतं.

आधी आपलं पाणी येतं कुठून ते बघू. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. यातला विहार सगळ्यात जुना, १८६० सालचा. त्याच्या आधी मुंबईकर विहिरी आणि तळ्यांचं पाणी प्यायचे. शहर वाढत गेलं तसं ते पुरेना, आणि बरंच पाणी घाणही व्हायला लागलं. मग तुळशी आला, १८७९ मध्ये. तानसा १८९२ मध्ये. आज शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं.

आपल्या शेजारचा पवई तलाव या यादीत नाही, लक्षात आलं का? तोसुद्धा पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता, १८९०-९१ च्या सुमाराला. पण पाण्याचा दर्जा पिण्यालायक राहिला नाही, म्हणून पिण्यासाठी तो सोडून द्यावा लागला. म्हणजे तलाव बांधला की काम संपलं असं नसतं. पाणी असणं वेगळं आणि पिण्यालायक पाणी असणं वेगळं. हे इथल्या इथे, रिक्षाच्या अंतरावर लिहून ठेवलेलं आहे.

वैतरणा-तानसाकडून येणारं बरंचसं पाणी भांडुप संकुलात शुद्ध होतं. आपल्या गच्चीवरून डोंगराकडे बघितलं तर ते त्याच बाजूला आहे. १९७९-८० च्या सुमाराला सुरू झालेलं हे केंद्र आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक मानलं जातं. त्याची मूळ क्षमताच रोज १,९१० दशलक्ष लिटर. तिथे काय होतं ते घरातल्या भाषेत सांगतो. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायच्या ना? तेच तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, खाली बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं. शेवटी क्लोरीन मिसळतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गढूळपणा काढायचा, मग क्लोरीन. कारण मातीच्या कणाआड जंतू लपून बसला तर क्लोरीन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि एक गोष्ट, क्लोरीन जरा जास्तच घालतात. मुद्दाम. जंतू मारून झाल्यावरही थोडं उरलं पाहिजे, म्हणजे वाटेत काही घाण मिसळली तर तिच्याशी लढायला शिपाई शिल्लक राहतो. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात हे उरलेलं क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावं असं म्हटलंय. तुम्हाला कधीकधी सकाळच्या पाण्याला वास येतो आणि तुम्ही मला फोन करता, "काका, पाण्याला औषधाचा वास येतोय!" अहो, वास येतोय म्हणजे शिपाई जागेवर आहे. काळजी करायची ती शिपाई गायब झाल्यावर.

२०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने देशातल्या मोठ्या शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली होती. तेव्हा मुंबईचे सगळे नमुने मानकात बसले आणि दिल्लीचे सगळे नापास झाले. आम्हा पाणीखात्यातल्या लोकांची छाती त्या दिवशी दोन इंच फुगली होती. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. १८ जुलै २०२१ आठवतो का? रात्रभर पाऊस कोसळला, भांडुप संकुलातच पाणी शिरलं, यंत्रणा बंद पडली. पालिकेने लोकांना पाणी उकळून प्या असं सांगितलं. एवढं मोठं केंद्र, पण एका रात्रीच्या पावसापुढे त्याला थांबावं लागलं.

आता मुख्य प्रश्न. केंद्रातून पाणी शुद्ध निघतं, मग आजारी माणसं होतात कुठून?

लहान मुलं इथे बसली आहेत, त्यांना विचारतो. सरबताच्या स्ट्रॉला मध्येच टाचणीचं भोक पाडलं आणि ती स्ट्रॉ भोकासकट सरबतात बुडवून ओढली तर काय होईल? भोकातूनही सरबत आत येईल. आपल्याकडे पाणी दिवसाचे काही तासच येतं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, गळती असली तरी पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब जातो. मग त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. त्यात कोणी थेट पालिकेच्या लाइनला मोटर लावून पाणी ओढत असेल, तर तो अख्ख्या गल्लीसाठी ही स्ट्रॉ ओढत असतो. म्हणून थेट लाइनला मोटर लावणं हा नुसता नियमाचा भंग नाही, शेजाऱ्याच्या ताटात घाण टाकण्यासारखं आहे.

यावर खरा उपाय म्हणजे चोवीस तास दाबाने पाणी. ते फक्त परदेशात जमतं असं समजू नका. कऱ्हाडजवळच्या मलकापूर या छोट्या गावाने पंधराएक वर्षांपूर्वीच मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. आपल्या मुंबईत ते सगळीकडे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपली जबाबदारी आपल्याकडे.

दुसऱ्या बाजूची उदाहरणंही आपल्या राज्यातली आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेच्या काठचं, कष्टकऱ्यांचं शहर. दूषित पाण्याने हजारो घरांत आजारपण आणलं, माणसं दगावली. आणि २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुइलेन-बॅरे नावाच्या आजाराचे दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले. हातापायातली ताकद जाणारा आजार. तपासणीत अनेक रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू मिळाला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोहोचतो. काही ठिकाणच्या पाण्यात क्लोरीन सापडलंच नाही. ज्यांनी "आम्ही तर आरओचं विकत घेतो" म्हणून निर्धास्त होते, त्यांच्यासाठीही धडा होता, कारण काही खासगी आरओ केंद्रांचं पाणीही तपासणीत नापास झालं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आठ वर्षं लागली.

२०१७ साल. मी निवृत्त झालो होतो आणि आपल्या कमिटीत होतो. एप्रिलमध्ये खालची टाकी धुवून घेतली. टाकी धुणाऱ्या माणसाने मला हाताला धरून नेलं, बॅटरी मारून दाखवलं, "साहेब, या बाजूच्या भिंतीचं प्लास्टर सुटलंय, ओल आहे." त्या भिंतीपासून सहा-सात फुटांवर आपलं ड्रेनेजचं चेंबर आहे, तुम्हाला माहीत आहे. दुरुस्तीचा अंदाज आला एक लाख ऐंशी हजार. त्या वर्षी लिफ्टचं काम निघालं होतं. मीटिंगमध्ये विषय आला तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी पाण्यातला माणूस. मी म्हणालो, "पालिकेचं पाणी आहे, क्लोरीन असतं त्यात. दिवाळीनंतर करू."

हे वाक्य माझं. इतिवृत्तात आहे. कोणीही काढून बघावं.

जुलैच्या शेवटी बी विंगमध्ये पहिली कावीळ निघाली. मग ए विंगमध्ये दोन. ऑगस्ट संपेपर्यंत अकरा घरं झाली. त्यातली एक आपल्या सोसायटीची लेक होती, माहेरी बाळंतपणासाठी आलेली, आठवा महिना. तिच्या परवानगीनेच सांगतोय, नाव घेत नाही. तिला हिपॅटायटिस ई झाला होता. बाकीच्यांसाठी हा आजार महिन्याभराच्या अशक्तपणाचा, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईसाठी तो जिवावरचा असतो. अशा शंभर जणींमधल्या वीसपर्यंत बायका दगावू शकतात. ती नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती. ते नऊ दिवस मी लिफ्टने जायचं टाळायचो, कारण लिफ्टमध्ये तिची आई भेटायची. ती माउली मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या हुशारीने दोघंही वाचली. तो मुलगा आता शाळेत जातो. मघाशी फॅन्सी ड्रेसमध्ये पोस्टमन होऊन आला होता, तोच.

पालिकेची माणसं तपासणीला आली, तेव्हा त्यांनी दोन ठिकाणचं पाणी घेतलं. एक मीटरपाशी, टाकीत पडायच्या आधीचं. दुसरं टाकीतलं. मीटरपाशी क्लोरीन होतं. टाकीत शून्य. आपल्या चेंबरमध्ये रंग टाकून बघितला, तो दुसऱ्या दिवशी टाकीच्या भिंतीवर उतरला. संपलं. दोष पालिकेचा नव्हता, आपला होता. खरं तर माझा.

असं का झालं ते समजून घ्या, कारण आपली जागा तशी आहे. आपण खाडीच्या बाजूला, सखल जमिनीवर आहोत. पावसाळ्यात, त्यातून भरती असली की जमिनीतलं पाणी वर येतं. टाकी भरलेली असते तेव्हा आतलं पाणी बाहेर ढकलतं. पण पहाटे पाणी यायच्या आधी टाकी अर्धी रिकामी असते. तेव्हा बाहेरचं पाणी भेगेतून आत ढकलतं. रोज, थोडं थोडं, कोणाला न कळता. ना वास, ना रंग.

आणि अजून एक फसवी गोष्ट. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. आपण आज नमुना घेऊन "पाणी चांगलं आहे" म्हणतो, पण आजार आलेला असतो महिन्याभरापूर्वीच्या पाण्यातून. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत असंच झालं. यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगढ नाल्याचं पाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचलं. तिथल्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं. टायफॉइडची साथ आली नाही, जंतू मेले होते. पण विषाणू टिकले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो विषाणू नेहमीच्या काविळीचा नाही, हे कळायला १९८० उजाडलं. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले गेले, त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ होते. तात्पर्य काय, एकट्या क्लोरीनवर भार टाकून चालत नाही. घाण आत येऊ न देणं हे पहिलं.

आता थोडं घरातलं बोलू. वहिनींचा नेहमीचा प्रश्न, "आरओ घ्यावा का?" आरओचं मुख्य काम पाण्यातले क्षार कमी करणं. मानकात क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मी माझ्या नळाचं मोजलं, शंभरच्याही आत आलं. तलावाचं पाणी आहे, क्षार कमीच असणार. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ नको अशी भूमिका घेतली होती. आरओ एक भांडं पाणी गाळताना बरंचसं पाणी मोरीत सोडतो, हेही लक्षात ठेवा. आपल्याला भीती जंतूंची आहे, क्षारांची नाही. त्यासाठी चांगला फिल्टर किंवा उकळणं पुरतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, दात आणि हाडं खराब होतात. तिथला प्रश्न वेगळा, उपाय वेगळा. आजार बघून औषध घ्यावं तसं पाणी बघून यंत्र घ्यावं.

फिल्टर असेल तर एक ध्यानात ठेवा. बरेचसे फिल्टर क्लोरीनही काढून टाकतात. म्हणजे फिल्टरमधून निघालेल्या पाण्यापाशी शिपाई नसतो. ते पाणी माठात किंवा बाटलीत दोन-तीन दिवस ठेवायचं नाही, त्यात हात घालून पेला बुडवायचा नाही. ओगराळं ठेवा, माठाला तोटी लावा.

उकळायचं तर खळखळून उकळी येऊ द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळलेलं पाणी न धुतलेल्या कळशीत ओतलं की सगळी मेहनत वाया. घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर जून ते सप्टेंबर उकळलेलंच पाणी. यात वाद नाही.

आपल्या बोअरचं पाणी संडासाला, गाड्या धुवायला. पिण्याला आणि भांड्यांना नाही. टँकर मागवला तर तो कुठे भरला ते विचारायचं आणि क्लोरीन तपासल्याशिवाय पिण्याच्या टाकीत सोडायचा नाही.

आता कमिटीला विनंती. चार गोष्टी आहेत, चारही फारशा खर्चाच्या नाहीत.

पहिली, क्लोरीन तपासायचा छोटा संच आणा, गावाकडे आरोग्यसेवक वापरतात तो क्लोरोस्कोप. दर सोमवारी दोन ठिकाणी तपासा, मीटरपाशी आणि प्रत्येक विंगच्या शेवटच्या मजल्यावर. आकडे नोटीस बोर्डावर लावा. मीटरपाशी आहे आणि वर नाही, तर खोट आपल्या टाकीत. मीटरपाशीच नाही, तर विभाग कार्यालयाला लगेच फोन. पाच मिनिटांचं काम आहे. हे काम मी करीन. जोवर जिना चढवतोय तोवर.

दुसरी, टाक्या वर्षातून दोनदा धुवायच्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. धुताना प्रत्येक विंगमधला एक सभासद हजर पाहिजे, आणि टाकी धुणाऱ्या माणसाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहायचं. "दिवाळीनंतर करू" असं कोणी म्हणालं, तर त्याचं नावही लिहायचं.

तिसरी, वरच्या टाक्यांची झाकणं. मागच्या आठवड्यात मी गच्चीवर गेलो, सी विंगच्या टाकीचं झाकण विटेने दाबून ठेवलंय आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही. कबुतरांना निमंत्रण.

आणि चौथी. ही थोडी अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवली. २०१७ मध्ये आपण टाकीची भेग बुजवली, आतून लेप दिला. पण ड्रेनेजचं चेंबर तिथेच आहे. लेपाचं आयुष्य असतं, आठ वर्षं झालीत. चेंबर हलवून लाइन फिरवून घेणं हेच खरं काम. रौप्यमहोत्सवी निधीतून गेटवर कमान बांधायची असं ठरतंय. नकाशा मी पाहिला, सुंदर आहे. कमानीला माझा विरोध नाही. फक्त एवढंच म्हणतो, क्रम बदलू या. आधी चेंबर, मग कमान. भांडुपला नाही का, आधी गढूळपणा, मग क्लोरीन. क्रम चुकला की खर्च होतो आणि उपयोग होत नाही.

कमान पाहुण्यांना दिसते. टाकी कोणाला दिसत नाही. म्हणूनच तिचं बोलणारं कोणीतरी लागतं. २०१७ मध्ये ते काम माझं होतं आणि मी बोललो नाही. आज बोललो.

पंचविशी पूर्ण केलेल्या सगळ्या मूळ सभासदांना नमस्कार, नव्याने राहायला आलेल्यांचं स्वागत. मसालेभात थंड होतोय. आणि हो, आज जेवणासोबतचं पाणी उकळून गार केलेलं आहे, मी स्वतः उभा राहून करून घेतलंय. पोटभर प्या.



(भाषणानंतर झालेल्या चर्चेत चेंबर हलवण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे कमिटीने मान्य केले. सोमवारच्या क्लोरीन तपासणीचे आकडे ए विंगच्या नोटीस बोर्डावर लावले जात आहेत. – संपादक मंडळ)